पेचकसाने ऐकणारा माणूस

पोस्टरवर चौघांचे फोटो असायचे. प्रत्यक्षात आम्ही सहा माणसं होतो, आणि भाभी धरल्या तर सात. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता वणीत कुणालाही विचारा, बँडमध्ये चारच जण होते असं सांगतात. त्या चौघांनी ते कधी खोडून काढल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

चौघं म्हणजे गाणारा, गिटारवाला, बेसवाला आणि ड्रमवाला. गाणारा झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक. बाकीचे तिघे पोटासाठी नोकऱ्या करणारे, एक बँकेत, एक औषधाच्या दुकानात, एक खाणीच्या ऑफिसात. पाचवा मी. माझा जुन्या मोटरपंपांचा धंदा आहे. जळालेली, बंद पडलेली मोटर शेतकऱ्याकडून उचलायची, नीट करून घ्यायची आणि दुसऱ्याला विकायची. ती नीट करून देणारा भाई हा सहावा. बसस्टँडमागे त्याचं वाइंडिंगचं, म्हणजे मोटरीत नवी तार गुंडाळायचं दुकान आहे; भाभी त्याची बायको. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, बँडवाले चाचा म्हणायचे, आणि तो मला चिडवायला शेट म्हणायचा.

चौघांची माझी गाठ पडली ती गणपतीत. मंडळाने त्यांना पाच गाण्यांचा शब्द दिला होता. दुसऱ्या गाण्याला कुणा पदाधिकाऱ्याच्या सासूचं डोकं दुखायला लागलं आणि लाइट गेली, म्हणजे घालवली. मला त्या गाण्यांची काही गोडी नव्हती, मी आरतीला आलो होतो. पण ठरलेला सौदा मधेच मोडला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, मग तो कुणाचाही असो. मी स्टेजवर चढलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, वर्गणी घेताना लाइट काहून नाही गेली? उरलेली तीन गाणी झाली. चार दिवसांनी ते चौघे माझ्या गोदामात आले आणि सरावाला जागा मागू लागले. मी नाही म्हणालो. ते लगेच उठले. तेव्हा म्हणालो, बसा, एवढ्या लवकर उठणाऱ्याला जगात कोणी काही देत नाही.

पुढची आठ वर्षं दर रविवारी दुपारी माझं गोदाम त्यांचं होतं. पत्र्याचं छत, एका भिंतीला मोटरींच्या रांगा, दुसऱ्या भिंतीला ड्रम. आवाज घुमू नये म्हणून भाभींनी जुन्या गाद्यांच्या खोळी उसवून, त्यात कापूस भरून भिंतीला टांगायचे जाड पडदे शिवले. गिटारांच्या पिशव्याही त्यांनीच शिवल्या. माझं काम म्हणजे तोंड चालवणं. मंगल कार्यालयवाल्याला लग्नाची तारीख नसलेला दिवस स्वस्तात द्यायला लावायचा, जनरेटरवाल्याला डिझेलसकट पटवायचं, आणि 'डीजे आणा, हे काय आणलं' म्हणणाऱ्याला गप्प करायचं. सामान माझ्याच गाडीतून जायचं. गाण्यातलं मला काही कळत नव्हतं, आणि पत्र्याखाली ड्रम सुरू झाला की शब्द तर कुणालाच कळत नव्हते. मी बहुतेक वेळ दारात बसून गिऱ्हाईकं बघायचो.

आवाजाची बाजू भाईची. ज्या पेटीवरून प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करतात, त्या मिक्सरवर तो बसायचा. जुना ॲम्प्लिफायर जळला की रात्रीतून तो उभा करायचा. आणि त्याची एक पद्धत होती, ती पाहायला लोक मुद्दाम मागे वळायचे. मोटरचं बेअरिंग तपासताना मिस्तरी लांब पेचकसाचं टोक चालू मोटरवर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. आतली खडखड हाडातून थेट डोक्यात येते. भाई स्पीकरच्या खोक्यालाही तसाच पेचकस लावायचा. मान कलती करून, डोळे मिटून उभा राहायचा, मग येऊन एखादं बटन जरासं फिरवायचा. पोरंपोरी मोबाइलवर त्याचे फोटो काढायची. गिटारवाला म्हणायचा, चाचा आपला डॉक्टर आहे, छाती तपासून औषध देतो. आम्हा सगळ्यांना ती त्याची स्टाइल वाटायची.

स्टाइल नव्हती, ते मला एका सकाळी कळलं. एका गिऱ्हाइकाला मोटर द्यायचा दिवस उलटून गेला होता. मी भाईच्या दुकानात शिरलो. तो माझ्याकडे पाठ करून तार गुंडाळत बसला होता. मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो. त्याच्या दाढीवर बोललो, त्याचं वय काढलं. त्याचा हात एका लयीत फिरतच होता. माझा राग आणखी चढला, कारण मला वाटलं हा मला मोजतच नाही. तेवढ्यात मागच्या खोलीतून भाभी आल्या. त्यांनी मला खुणेने आत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भैया, पाठीमागून नका बोलू. त्यायले तोंड दिसलं पाहिजे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणापासून कान वाहायचे. डावा केव्हाच गेला होता, आता उजवाही त्याच वाटेने चालला होता. समोरच्याचे ओठ पाहून तो इतका सफाईने बोलायचा की दुकानातल्या कारागिरालाही पत्ता नव्हता. डॉक्टरने मशीन लिहून दिलं होतं, पण तो घ्यायला तयार नव्हता. आवाज लावणाऱ्याच्याच कानात मशीन दिसलं तर ते चौघे काय म्हणतील, हा त्याचा प्रश्न होता. पेचकस टेकवला की हाडातून जे यायचं, तेवढ्यावर तो सात वर्षं चालवत होता.

"कोनाले सांगू नका," भाभी म्हणाल्या. "सहा दिवस ते दुकानात बसतात. जगतात ते रविवारी."

मी शब्द दिला. आणि मी शब्द मोडणारा माणूस नाही, हे वणीत कुणीही सांगेल.

त्यानंतर मी भाईशी नेहमी समोर येऊन बोलू लागलो. त्याच्या ते लक्षात आलं असणार. रविवारी मी मुद्दाम त्याच्याजवळ खुर्ची टाकायचो. गाणाऱ्याने स्टेजवरून काही सांगितलं की मी भाईकडे तोंड करून तेच सहज बोलल्यासारखं पुन्हा बोलायचो. असं वर्षभर निभावलं. मग एका मंगल कार्यालयातल्या कार्यक्रमात माइकमधून शिट्टी सुटली. बारीक, सुईसारखी. लोकांनी कानांवर हात ठेवले, पुढच्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं. गाणारा हात करून करून थकला. भाई मिक्सरवर शांत बसला होता, डोळे गिटारवाल्याच्या बोटांवर. मी धावत जाऊन त्याचा दंडच धरला, तेव्हा त्याचा हात बटनाकडे गेला.

पुढच्या रविवारी भाई नात्यातल्या एका लग्नाला गेला होता. त्या दिवशी चौघांनी विषय काढला. यवतमाळच्या एका कॉलेजच्या मैदानावर मोठा कार्यक्रम मिळत होता, आयोजक आपला नागपूरचा साउंडवाला देत होते. गाणारा चाचरत म्हणाला की चाचाचं वय झालं, लक्ष राहत नाही, एवढ्या वेळी नागपूरवाल्याला बसू द्यावं. एवढी एक वेळ कशी शेवटची होते हे मला धंद्यातून ठाऊक आहे. भाईची खुर्ची जात होती, आणि ती वाचवायची म्हणजे सौदा करायचा. तो मला येतो.

माझा धंदा एका रीतीवर उभा आहे. जुनी मोटर विकताना तिचा एक दोष मी स्वतःच आधी सांगतो. गिऱ्हाईक शोधायच्या आत सांगतो. शाफ्ट जरा घासला आहे, पण वाइंडिंग नवं आहे, पाच वर्षं हात लावायची गरज नाही. दोष सांगितला की माणूस गप्प होतो, उरलेल्या सगळ्या गोष्टींवर विश्वास ठेवतो आणि मोटर गाडीत चढते. या रीतीवर मी राजूरच्या कोळशाच्या धुळीतून उठून वणीत गोदाम बांधलं. ती मला कधी फसवून गेली नव्हती.

मी त्यांना म्हणालो, चाचाचं लक्ष जात नाही. त्याला ऐकू कमी येतं. पण त्या हाडातून त्याला जे कळतं ते नागपूरच्या पोराला दोन कानांनी कळायचं नाही. तो तुमच्या प्रत्येकाच्या हाताला ओळखतो. आठ वर्षांत एक कार्यक्रम त्याच्यामुळे बंद पडला का? मी पुष्कळ बोललो. चांगलं बोललो. बोलून झाल्यावर ते चौघे गप्प झाले. कुणीही घासाघीस केली नाही. गाणारा थोड्या वेळाने म्हणाला, "भाऊ, बरं झालं तुम्ही सांगितलं."

मी समजलो, मोटर गाडीत चढली. त्या संध्याकाळी मी खुशीत घरी गेलो. भाभींना दिलेला शब्द मोडला, हेसुद्धा मला दुसऱ्या दिवशी आठवलं. आणि आठवल्यावर मी स्वतःला सांगितलं की भाईच्या भल्यासाठी मोडला.

यवतमाळच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. भाई माझ्या शेजारी बसला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. भाभींनी सगळ्यांसाठी रोट्या आणि सुकं मटण बांधून दिलं होतं. वाटेत त्याने मला तीनदा विचारलं, मैदान उघडं आहे की मागे भिंत आहे, कारण उघड्यावर आवाज पळतो. मी मान त्याच्याकडे वळवून उत्तर द्यायचो आणि तो ओरडायचा, "शेट, रस्त्याकडे पाह्य, मारतो का आज!"

मैदानावर पोचलो तर मिक्सरवर नागपूरचा पोरगा बसलेला. समोर टॅबलेट, त्यावर रंगीत रेघा नाचत होत्या. मला वाटलं आयोजकांचा काही घोटाळा आहे, मी भांडायच्या तयारीनेच निघालो. पण भाई माझ्या आधी पोचला. त्याने पिशवी खाली ठेवली आणि पेचकस काढला. बेसवाला स्टेजवरून उतरून त्याच्याकडे आला. तो पोरगा वाईट नाही, चौघांत मऊ तोच. त्याला चाचाला दुखवायचं नव्हतं. म्हणून तो अगदी जवळ आला, त्याने तोंड मोठं उघडलं, एकेक शब्द तोडला, आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा मोठ्याने ओरडला, "चाचा, तुम्ही, आज, आराम, करा!"

आठ वर्षांत त्यांच्यापैकी कुणीही भाईशी तसं बोललं नव्हतं.

भाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याची नजर माझ्याकडे आली. तो रागात नव्हता. जळालेल्या मोटरचं झाकण उघडून कुठली तार गेली ते तो बघतो, तसं त्याने मला बघितलं आणि त्याला तार सापडली.

तेव्हा तरी मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. मी त्या चौघांवर तुटून पडलो. गोदाम कोणाचं, गाडी कोणाची, पहिल्या गणपतीत तुमच्यासाठी स्टेजवर कोण चढलं होतं, सगळं काढलं. आयोजक जमले, कॉलेजची पोरं जमली. आणि त्या सगळ्यांच्या देखत मी ओरडून विचारलं की त्या माणसाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही त्याला कचऱ्यासारखं फेकता का. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा मला वाटत होतं मी भाईच्या बाजूने लढतो आहे. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही मीच सांगितलं. मागे वळून पाहिलं तर भाई पिशवी उचलून फाटकातून बाहेर पडत होता. पाठीमागून हाक मारून काही उपयोग नव्हता. धावत जाईपर्यंत तो ऑटोत बसून बसस्टँडकडे गेला होता.

मी मात्र थांबलो. सामान माझ्या गाडीतलं होतं, ते परत न्यायचं होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. कार्यक्रम मी मैदानाच्या टोकाला गाडीच्या पायरीवर बसून ऐकला. आणि तो चांगला झाला. गाणाऱ्याचा प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ, मैदानाच्या टोकापर्यंत. त्यांचं एक गाणं मी आठ वर्षं ऐकत होतो, मला वाटायचं ते कुठल्या तरी पोरीवर आहे. त्या दिवशी कळलं, ते एका माणसावर आहे. तो रेल्वेच्या सायडिंगवर कोळशाच्या गाड्या भरतो, घरी येऊन तीनदा तोंड धुतो, तरी त्याने तोडलेल्या भाकरीवर काळी बोटं उमटतात, आणि ती भाकरी तो आपल्या पोराला देत नाही, स्वतः खातो. तो माझा बाप. फार पूर्वी एकदा गाणाऱ्याला झरीला सोडायला जाताना मी त्याला हे सांगितलं होतं. त्याने मला न विचारता त्याचं गाणं केलं आणि कधी सांगितलंही नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, मला ऐकू येतं आहे.

मी रडलो की चिडलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. शेवटी गाणाऱ्याने माइकवर आभार मानले. कॉलेजचे, आयोजकांचे, नागपूरच्या पोराचे. भाईचं नाव नाही. माझं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी मी गोदामाचं कुलूप बदललं आणि ड्रम, पडदे सगळं त्यांच्या दारात नेऊन टाकलं. ते दोनदा आले, मी भेटलो नाही. गाणाऱ्याने मोठा मेसेज पाठवला, त्यात माफीही होती. मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही. आठ वर्षांचे रविवार एका मेसेजमध्ये मिटवणारा सौदा मला परवडत नाही.

भाईचं तसं नव्हतं. त्याने माझं काम बंद केलं नाही, हीच त्याची शिक्षा होती. मोटरी वेळेवर मिळत, पूर्वीपेक्षा चोख. मी समोर उभा राहिलो की तो माझ्या ओठांकडे बघायचा, मोटरबद्दल जेवढं तेवढं बोलायचा आणि मान खाली घालायचा. मान खाली गेली की माझं बोलणं संपलं. भाभी आतून चहा पाठवायच्या, स्वतः बाहेर यायच्या नाहीत. शेट हा शब्द मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

सहा-सात महिन्यांनी एका दुपारी मी गेलो तर त्याच्या उजव्या कानात मशीन दिसलं. मी दारातूनच हळू आवाजात 'भाई' म्हणालो, आणि त्याने मान वर केली. कारागीर जेवायला गेला होता. मी स्टूल ओढून बसलो आणि मोटर विकायची माझी सगळी रीत त्याला सांगितली, त्या रविवारी काय बोललो, कशासाठी बोललो, तेही सांगितलं. त्याने हातातली तार खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"तू मले विकून राह्यला होता," तो म्हणाला. "मी कुठं विकाले निघालो होतो?"

मी म्हणालो, तुझी जागा वाचावी म्हणून. तो म्हणाला, जागा गेली असती तर गेली असती, म्हातारा झाला म्हणून गेली असती. बहिरा म्हणून गेली.

मी म्हणालो, आता मशीन आहे, मी त्या चौघांशी बोलतो, हवं तर पाया पडतो, तू पुन्हा रविवारी बस. हे मी खरंच केलं असतं. त्यांच्यावरचा माझा राग मी त्या एका गोष्टीसाठी गिळला असता.

मग त्याने गल्ल्याशेजारचा मोबाइल उचलला. आमच्या जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ त्यात होते, लोकांनी काढलेले, गिटारवाल्याने कधीतरी पाठवलेले. त्याने एक लावला. छोट्या स्पीकरमधून नुसता ढणढणाट आला, आणि त्याच्या खाली कुठेतरी गाणाऱ्याचा आवाज, घोंगडीत गुंडाळल्यासारखा. त्याने दुसरा लावला. तोही तसाच. तिसरा.

"मशीन लावलं त्या दिवशी सगळे ऐकले," तो म्हणाला. "आठ वर्षं हे असं होतं?"

मी म्हणालो, मोबाइलवर असंच येतं, मैदानात वेगळं असतं.

"शपथ घे."

मी घेतली नाही. म्हणालो, मला गाण्यातलं काय कळतं.

"त्यायले तर कळत होतं ना?" तो म्हणाला. "चौघांले. एकाने बी कधी तोंड नाही उघडलं. पोट्ट्यायनं आठ वर्षं असंच गाऊन काढलं, माझ्यापायी." त्याच्या आवाजात त्या चौघांबद्दल राग नव्हता. मला त्याचाच राग आला. माझ्यावर त्याचा राग होता, आणि त्यांच्यावर माया.

त्याने कानातलं मशीन काढलं, फुंकर मारून डबीत ठेवलं, डबी गल्ल्यात सरकवली. म्हणाला, तारेचं काम करताना त्याचा कलकलाट होतो. मग मान खाली घातली. मी अजून स्टुलावरच होतो. माझ्याकडे बोलायला बरंच होतं, पण त्याला माझं तोंड दिसत नव्हतं.

मी निघालो तेव्हा त्याने न बघताच बोट वर केलं आणि सांगितलं, ती पाच एचपीची मोटर मंगळवारी तयार होईल, गाडी पाठव.

मी मंगळवारी स्वतः गेलो. मोटर दारात काढून ठेवलेली होती आणि भाई नमाजला गेला होता.